आला होता की नाही

सातबारावरचं नाव पुसलं जात नाही. बाप वारला की त्याच्या नावाला कंस पडतो, खाली वारसांची नावं चढतात आणि शेजारी एक क्रमांक येतो. तो फेरफाराचा क्रमांक. गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही, उघडून त्या क्रमांकापर्यंत गेलं की कळतं : कोणी काय कळवलं, नोटीस केव्हा निघाली, हरकत आली की नाही, मंडळ अधिकाऱ्यानं नोंद कोणत्या तारखेला प्रमाणित केली. जमीन आज कोणाची, हे सातबारा सांगतो. ती त्याच्याकडे कशी आली, हे सहा नंबर सांगतो.

हे मला शिकवलं ते लेकीच्या मामाजींनी. भंडारा जिल्ह्यात पटवारी म्हणून लागले आणि मंडळ अधिकारी होऊन निवृत्त झाले. तलाठी हा शब्द त्यांच्या तोंडी फक्त सरकारी कागद वाचतानाच यायचा. आता सरकारनं तलाठ्याचा ग्राम महसूल अधिकारी केला, तरी आमच्या झाडीपट्टीत तो पटवारीच आहे. लेक नागपूरला मिहानमधल्या एका कंपनीत सर्व्हर सांभाळते. दिवाळीनंतर मंडईसाठी ती गावी आली होती, आणि त्याच आठवड्यात मामाजींच्या चुलत भावाची फजिती झाली होती. चौरास भागातला धानाचा शेतकरी. धान विकायच्या नोंदणीचा शेवटचा दिवस, तो कागदपत्रं घेऊन एका केंद्रावर गेला, दिवसभर पडद्यावर चक्र फिरलं, ऑपरेटर म्हणाला सर्व्हर नाही. दुसऱ्या दिवशी गेला, तर मुदत संपलेली. वर तक्रार केली, तर उत्तर मिळालं की आमच्या यंत्रणेत तुमचा अर्ज दिसत नाही, तुम्ही आलाच नव्हता.

एकीकडे बायकोचा भाऊ, दुसरीकडे पोटची पोर. अशा वादात माझ्यासारख्यानं फक्त लिहून घ्यायचं असतं. तरी एकदा मी मध्ये तोंड घातलंच, ते पुढे येईल.

मामाजी : तू नेहमी म्हणतेस ना, मशीनला सारं ठाऊक असते, कोण आलं, कोण गेलं, कोणत्या मिनिटाला. मंग आमचा भाऊ अकरा ते पाच तिथं बसून होता, हे तिनं कुठं लिहिलं?

लेक : बसून होता हे कुठंच नसणार, मामाजी. मशीन माणसाला पाहत नाही. तिच्यापर्यंत काही पोचलं, तरच ती लिहिते.

मामाजी : ऑपरेटरनं बटन दाबलं ना?

लेक : दाबलं. पण बटण दाबणं आणि सर्व्हरपर्यंत पोचणं यात किती टप्पे आहेत पाहा. केंद्रातला कॉम्प्युटर, मग राउटर, मग इंटरनेट कंपनीची तार. ती कुठल्याशा डेटा सेंटरात जाते. तिथं दारात एक वेब सर्व्हर बसलेला. त्याच्या मागे अर्ज तपासणारा प्रोग्रॅम, आणि सगळ्यांच्या मागे डेटाबेस. प्रत्येकाची वही वेगळी. तालुक्यातली तारच तुटली असेल, तर दारावरच्याच्या वहीत ओळ पडत नाही. तो दारापर्यंत आला आणि आतला प्रोग्रॅम झोपलेला असेल, तर दारावरच्याच्या वहीत ओळ आहे, डेटाबेसात मात्र कोरं. तुम्हाला उत्तर देणाऱ्यानं बहुतेक फक्त डेटाबेस पाहिला.

मामाजी : म्हणजे कोतवालाला न विचारता साहेबानं सांगितलं, कोणी आलंच नाही.

लेक : तसंच.

मला वाटतं, या सबंध वादातली सर्वांत कामाची गोष्ट इथंच सापडली होती. ‘नोंद सापडली नाही’ आणि ‘घडलं नाही’ ही दोन वाक्यं खिडकीपलीकडचा माणूस एकाच श्वासात बोलतो. इतक्या सफाईनं, की अलीकडच्या माणसाला आपणच घरी झोपलो होतो की काय अशी शंका यावी.

लेक : आता मी सांगते ते ऐकून तुम्ही चिडाल. दारावर बसणारा एक फार चालणारा सर्व्हर आहे, एनजिनएक्स. इगोर सिसोएव्ह नावाच्या रशियन माणसानं लिहिलेला, २००४ पासून जगाला खुला. अर्ध्या इंटरनेटच्या दारात तो किंवा त्याची भावंडं बसलेली असतात. प्रत्येक मागणीमागे तो एक ओळ लिहितो : कुठून आली, किती वाजता, काय मागितलं, आणि निकाल काय. निकाल तीन आकड्यांत. २०० म्हणजे काम झालं. ४०४ म्हणजे मागितलेलं पानच नाही. पाचशेच्या घरातले आकडे म्हणजे चूक आमची. ५०४ म्हणजे आतल्यानं वेळेत उत्तरच दिलं नाही. चारशेच्या घरातले म्हणजे चूक मागणाऱ्याची.

मामाजी : ठीक आहे. मंग भावाचं ५०४.

लेक : थांबा ना. दारावरचा आतल्याची वाट किती वेळ पाहतो? कोणी मुद्दाम बदललं नसेल तर साठ सेकंद. साठ झाले की ५०४ लिहून मोकळा. पण साठ सेकंद पडद्यासमोर थांबतं कोण? मागे रांग असते. ऑपरेटर तिसाव्या-चाळिसाव्या सेकंदाला पान पुन्हा लोड करतो. त्याबरोबर पहिली मागणी तुटते आणि एनजिनएक्स त्याच्यापुढे लिहितो ४९९.

मामाजी : ते काय असते?

लेक : ‘उत्तर मिळायच्या आधी ग्राहकानं जोडणी बंद केली.’ समोरचा निघून गेला.

मामाजी : निघून गेला? अरे बाप्पा! सकाळपासून बसला तो, आणि निघून गेला?

लेक : मशीन खोटं बोलत नाही हो. जोडणी त्याच बाजूनं तुटली. तिला इतकंच दिसलं.

मामाजी : साठ सेकंद थांबला तं सरकारची चूक, पन्नासाव्याला हात लावला तं शेतकऱ्याची. आणि महिन्याच्या अहवालात काय जाते?

लेक : बहुतेक ठिकाणी पाचशेवाले मोजतात. चारशेवाले ग्राहकाच्या खात्यात.

मामाजी काही वेळ गप्प राहिले. मग त्यांनी जीपचा विषय काढला. तो का काढला, हे मला नंतर कळलं.

मामाजी : लॉग म्हणजे काय, हे मला तू नको शिकवू. कचेरीच्या जीपचं लॉगबुक आम्ही जन्मभर पाहिलं. कुठून कुठं, किती किलोमीटर, किती डिझेल, साहेबाची सही. मार्च आला की ड्रायव्हर एका बैठकीत तीन महिन्यांचं लिहून काढे. डिझेल बरोबर जुळे. ऑडिटवालाही खूश. मशीनमधे असं एका बैठकीत लिहिता येत नाही असं तुझं म्हणणं दिसते. नाईच येत का?

लेक : येतं.

मामाजी : आता सापडली.

लेक : येतं, पण कोणाला येतं ते पाहा. लिनक्सवर लॉग म्हणजे बहुतेकदा साधी मजकुराची फाइल. मशीनचा पूर्ण ताबा ज्याच्याकडे, तो ती उघडून हवी ती ओळ काढू शकतो. चोर आत शिरला की पहिलं काम तेच करतो. विंडोजनं त्यावर एक गंमत केली. सुरक्षेचा लॉग कोणी साफ केला, तर साफ झालेल्या वहीत पहिली नोंद पडते ती क्रमांक ११०२ ची : अमक्या खात्यानं लॉग पुसला. त्यापेक्षा पक्का उपाय म्हणजे ओळ पडली त्याच क्षणी तिची प्रत दुसऱ्या मशीनवर पाठवायची, जिथं या मशीनच्या मालकाचं काही चालत नाही.

मामाजी : फेरफाराची प्रत तालुक्याला.

लेक : तसंच समजा. १९८६ मध्ये कॅलिफोर्नियात क्लिफर्ड स्टोल नावाचा एक खगोलशास्त्रज्ञ लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतले कॉम्प्युटर सांभाळत होता. दोन हिशेबांत ७५ सेंटचा फरक आला. पाऊण डॉलर. दुसऱ्या कोणी सोडून दिला असता. त्यानं पाठ धरली, तेव्हा कळलं की कोणी परका आत येऊन जातो. स्टोलनं काय करावं? येणाऱ्या फोन लाइनींना उसने आणलेले प्रिंटर जोडले. परका जे जे टाइप करी, ते कागदावर छापून निघे. कॉम्प्युटरातली वही त्याला पुसता येत होती. कागद मात्र त्याला दिसतच नव्हता. शेवटी तो जर्मनीत हॅनोव्हरला सापडला, आणि मिळालेला माल सोव्हिएत केजीबीला विकत होता.

मामाजी : कागदच कामाला आला ना शेवटी!

कागद जिंकला म्हणून मामाजींनी चहा सांगितला. मला मात्र यात कागदाचं कौतुक फारसं दिसत नाही. वही कशाची आहे यापेक्षा ती कोणाच्या हाताला लागत नाही, हे तिथं उपयोगी पडलं. आपल्याकडचं उदाहरण लेकीनंच दिलं. पुण्याची कॉसमॉस बँक. ऑगस्ट २०१८ मध्ये ११ आणि १३ तारखेला ९४ कोटी ४२ लाख रुपये गेले. अठ्ठावीस देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी पैसे निघाले. एटीएमचा प्रश्न बँकेच्या मुख्य हिशेबयंत्रणेपर्यंत जायला हवा, ‘या खात्यात एवढे आहेत का?’ चोरांनी मध्येच आपला नकली स्विच बसवला होता. प्रश्न तिथंच अडवला जाई आणि उत्तर तिथूनच जाई, ‘आहेत, द्या.’ बँकेच्या मुख्य यंत्रणेला विचारलंच गेलं नाही, मग तिच्या वहीत काय पडणार? बाहेर कोट्यवधी रुपये निघत असताना आतली वही निष्पाप होती. देणं निघालं ते व्हिसा आणि रुपेच्या बाजूच्या हिशेबातून, म्हणजे दुसऱ्याच्या वहीतून.

मामाजी : बरं, वही पक्की झाली समज. आता मला सही दाखव.

लेक : सही?

मामाजी : फेरफारावर माझी सही असे. उद्या खोटा निघाला तं मला कोर्टात उभं करता येई, आणि केलंही आहे. तुझ्या वहीत काय? युजर आयडी. तो कोणाचा? साहेबाचा. वापरतो कोण? कोणत्याही कचेरीत जाऊन पाह्य, साहेबाचा पासवर्ड मॉनिटरला चिटकवलेला असते. पोट्टा येऊन कामं उरकून देते. मशीन इमानदारीनं साहेबाचं नाव लिहिते. इमानदारीनं खोटं.

लेक : म्हणूनच ओटीपी आला, बोटाचा ठसा आला. कोणत्या मशीनवरून लॉगिन झालं तेही पडतं. साहेब रजेवर आणि त्यांचा आयडी चालू, हे पकडता येतं.

मामाजी : येते. पण पकडते कोण?

यावर तिच्याकडे उत्तर होतं, पण तिला स्वतःलाच ते आवडत नव्हतं. लॉग वाचायला माणूस नसतो. एका मध्यम सर्व्हरच्या वहीत दिवसाला लाखो ओळी पडतात. त्या चाळायला ओळींची प्रतवारी लागते, आणि ती जुनी आहे. एरिक ऑलमननं १९८० च्या दशकात बर्कलीत सिसलॉग लिहिला, तो मुळात सेंडमेल या टपाल-प्रोग्रॅमसाठी. त्यात शून्यापासून सातपर्यंत आठ पायऱ्या ठेवल्या. शून्य म्हणजे यंत्रणाच बसली, सात म्हणजे प्रोग्रॅमरची स्वतःपुरती टिपणं. ऐकून मामाजींना आपल्या फायलींवरचे ‘तात्काळ’चे कागद आठवले. सगळ्याच फायलींवर तो कागद लागला, तेव्हा बिगर-कागदाची फाइल आधी निघायला लागली म्हणे. लेक हसली, कारण तिच्याकडेही तेच होतं. रात्री फोन वाजवणारे इशारे इतके झाले, की त्यातले निम्मे मुके करून ठेवावे लागले.

इथं मी बोललो. इंग्लंडच्या पोस्टाची हकीकत मी वाचलेली होती आणि मला ती सांगायची होतीच. तिकडे गावोगावची पोस्टं छोटे दुकानदार कंत्राटावर चालवतात. १९९९ पासून त्यांना होरायझन नावाची कॉम्प्युटर यंत्रणा दिली. फुजित्सु कंपनीची. पडद्यावर हिशेबात तूट दिसू लागली. पोस्ट म्हणालं, भरून द्या, नाही तर खटला. २०१५ पर्यंत नऊशेहून जास्त लोकांना या आकड्यांच्या बळावर दोषी ठरवलं. काही तुरुंगात गेले, काहींनी घरं विकली. ते बिचारे सांगत होते, आम्ही पैसे घेतले नाहीत. पण यंत्रणेची वही त्यांच्या हातात नव्हती, ती फिर्यादीच्या हातात होती. डिसेंबर २०१९ मध्ये लंडनच्या न्यायालयात निकाल लागला, तेव्हा उघड झालं की यंत्रणेत दोष होते, फुजित्सुचे लोक दुकानदाराला न कळता त्याच्या हिशेबात लांबून बदल करू शकत होते, आणि कंपनीकडे माहीत असलेल्या चुकांची एक वेगळी नोंदवहीच होती. २०२४ मध्ये संसदेनं कायदा करून त्या शिक्षा एकगठ्ठा रद्द केल्या.

मामाजी : माहीत असलेल्या चुकांची नोंदवही! आणि दाखवली नाही?

लेक : बाबा, तुम्ही मामाजींच्या बाजूनं बोलता आहात.

मी मग पुन्हा लिहायला लागलो.

लेक : ठीक आहे. मग उलटं विचारते. मामाजी, सगळं लिहून ठेवावं आणि सगळ्यांना दाखवावं, असंच ना तुमचं म्हणणं?

मामाजी : हो. लपवण्यासारखं काय आहे त्यात?

लेक : तुम्हीच आहात त्यात. मे २०१८ मध्ये ट्विटरनं आपल्या तेहतीस कोटी वापरकर्त्यांना पासवर्ड बदला म्हणून सांगितलं. कारण काय? पासवर्ड नीट गुंडाळून ठेवायची सोय होती. पण गुंडाळायच्या आधीच ते अंतर्गत लॉगमध्ये जसेच्या तसे पडत होते. कोणी चोरले नव्हते. वहीनंच लिहून ठेवले होते. तुमच्या भावाच्या अर्जात आधार क्रमांक, बँक खातं, गट नंबर. प्रोग्रॅमरनं आळस केला आणि आलेला सगळा मजकूर लॉगमध्ये ओतला, तर ते सगळं साध्या फाइलीत पडून राहील. डेटाबेसाला सात कुलपं आणि लॉगची फाइल ओसरीवर.

मामाजी : मंग लिहिणाऱ्याला अक्कल पाहिजे.

लेक : लिहिणाऱ्याचं तर ऐकाच. डिसेंबर २०२१ मध्ये आम्ही रात्रंदिवस जागलो होतो. जावामध्ये लॉग लिहायचं एक सर्रास वापरातलं साधन आहे, लॉग४जे. त्यात असं निघालं, की वहीत टिपायच्या मजकुरात विशिष्ट खुणांची ओळ आली, तर ते साधन ती नुसती टिपत नाही, ती आज्ञा समजून बाहेरच्या सर्व्हरवरून मजकूर आणायला जातं. म्हणजे हल्लेखोरानं लॉगिनच्या चौकटीत नावाऐवजी ती ओळ लिहायची. यंत्रणा म्हणणार, असा कोणी नाही, आणि इमानानं त्याचं नाव वहीत टिपणार. टिपता टिपताच घर त्याच्या ताब्यात.

मामाजी : चोराचं नाव लिहिता लिहिता पटवारीच फितूर!

लेक : म्हणून मी कमी लिहा म्हणणारी आहे. जे लागेल तेच, आणि लागणं संपलं की फाडून टाका.

मामाजी : फाडून? माय, आमच्यात अभिलेखाला वर्ग असतात. अ म्हणजे कायमचा. ब तीस वर्षं. ड वर्षभर. कोणता कागद कोणत्या वर्गात, हे आधी ठरते, मंग तो जाळते. तुझा लॉग कोणत्या वर्गात?

ही मला फार नेमकी विचारणा वाटली. आमच्या भागात मालगुजारी गेली १९५१ मध्ये, पण तळ्याचं पाणी कोणत्या बांध्यांना आधी, सरपण कोणत्या जंगलातून, गुरं कुठं चरतील, हे गावकऱ्यांचे हक्क वाजिब-उल-अर्ज आणि निस्तार पत्रकात लिहिलेले. त्या कागदांवरून आजही भांडता येतं. कोणी तेव्हा कंटाळून ‘लागणं संपलं’ म्हटलं असतं, तर? आणि तरी लेकीची बाजूही मला सोडवत नाही. निस्तार पत्रकात गावाचा हक्क लिहिलेला असतो, कोण म्हातारी किती वाजता सरपणाला गेली हे नाही.

लेकीनंच गाठ थोडी सैल केली.

लेक : आपण दोन वह्यांना एकच म्हणतो आहोत, मामाजी. एक आहे ती मिस्त्रीची. कोणता पंप गरम झाला, कोणती तार हलली. ती मिस्त्रीपुरतीच, थोडे दिवस. दुसरी आहे ती व्यवहाराची. कोणी काय बदललं, आधी काय होतं, नंतर काय झालं. तिला ऑडिट ट्रेल म्हणतात. ती पुसायची नाही. आपल्या राइस मिलवाल्यांचंच पाहा. १ एप्रिल २०२३ पासून कंपनी म्हणून नोंदलेल्या प्रत्येक धंद्याला हिशेबाचं सॉफ्टवेअर असं लागतं, की व्हाउचरमध्ये केलेला बदल तारखेसकट टिपला जाईल आणि ती टिपणी बंद करता येणार नाही. टॅलीनं त्यासाठी वेगळी आवृत्तीच काढली, एडिट लॉग.

मामाजी : आणि मिल भागीदारीत असंल तं?

लेक : तर तो नियम नाही.

मामाजी : (माझ्याकडे पाहून) भाऊजी, तुमच्या ओळखीत कंपनीवाल्या मिला किती?

लेक : आणि डेटाबेसचं तर पोटच तुमच्या सहा नंबरचं आहे. पोस्टग्रेस घ्या. कोणताही बदल आधी लॉगमध्ये पक्का होतो, तक्ता नंतर बदलतो. मध्येच वीज गेली तर उठल्यावर तो लॉग वाचतो आणि तक्त्यात राहून गेलेले बदल पुन्हा करतो. तक्त्यात बदल चढायचा राहिला तरी चालतं, लॉग गेला तर काही खरं नाही.

मामाजी : हे मात्र बरोबर आहे. पण एक तू विसरून राहिली. सहा नंबर लिहिला म्हणजे फेरफार झाला असं नसते. ज्याचं नाव चाललं, त्याला नोटीस. पंधरा दिवस. चावडीवर कागद. आता तं मोबाइलवर ‘आपली चावडी’ आहे. गाव निवडलं की कोणता फेरफार कोणत्या गटावर चालू आहे, हरकतीची शेवटची तारीख कोणती, सारं दिसते. आमची नोंद दोघांमधे होते. तुझी मशीन एकटीच लिहिते आणि एकटीच वाचते. भावाला बटन दाबल्याबरोबर एक नंबर मिळाला असता, का तू आला, एवढ्या वाजता आला, काम झालं नाही, तं तो माझ्याकडे रडत आला असता का?

लेक : दारापर्यंत पोचला असता तर देता आला असता. त्यात अवघड काही नाही. प्रत्येक मागणीला एक ओळखक्रमांक असतोच, तो पडद्यावर दाखवत नाहीत एवढंच.

मामाजी : काहून दाखवत नाई?

लेक : कोणी मागितला नाही म्हणून.

यावर मला खूप काही लिहिता येईल, पण मामाजी तोवर कागद-पेन घेऊन बसले होते. माहितीच्या अधिकारातला अर्ज. लॉग मिळेल का, असं मी विचारलं. २००५ च्या कायद्यात ‘माहिती’ची व्याख्या कलम दोन (फ) मध्ये आहे, आणि तिच्यात अभिलेख, ई-मेल यांच्या रांगेत लॉगबुक आहे आणि इलेक्ट्रॉनिक रूपातली माहितीही आहे. जीपवाल्या ड्रायव्हरचे उपकार.

मामाजी : सांग, काय मागू?

लेक : त्या केंद्राच्या आयपी पत्त्यावरून त्या दिवशी आलेल्या मागण्यांच्या वेब सर्व्हरवरच्या ओळी. वेळ आणि निकालाचा आकडा. दुसऱ्या कोणा शेतकऱ्याचं नाव, आधार मागू नका, खासगी म्हणून अख्खा अर्जच फेटाळतील. आणि वेळ लिहिताना सांभाळा. बहुतेक सर्व्हर जागतिक वेळेवर चालतात. ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. अकरा ते पाच म्हणाल, तर वहीत ते साडेपाच ते साडेअकरा असणार.

मामाजी : म्हणजे मी चार वाजता म्हणीन आणि तो कागद दाखवीन का साडेदहा.

लेक : दोन्ही लिहा. घड्याळ ही फार मोठी गोष्ट आहे. ऑगस्ट २०२० च्या शेवटी वैनगंगा भंडाऱ्यात शिरली होती, गोसीखुर्द धरणाची तेहतीसही दारं उघडी होती. मध्य प्रदेशात पाणी कधी सोडलं, कारध्याच्या पुलाशी पातळी कधी चढली, खाली दारं कधी वाढवली. तीन ठिकाणच्या तीन वह्या. कोणाचं घड्याळ वीस मिनिटं पुढे असेल, तर परिणाम कारणाच्या आधी घडलेला दिसेल. म्हणून तर सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेनं २८ एप्रिल २०२२ च्या आदेशात सांगितलं, की सगळ्यांनी घड्याळं एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायची. सरकारी कचेऱ्याही त्यात आल्या. आणि लॉग किमान १८० दिवस ठेवायचे.

मामाजी : १८० दिवस! ड वर्गाच्याही खाली.

त्यांनी कागदाच्या मागच्या बाजूला मांडायला सुरुवात केली. माहिती द्यायला तीस दिवस. नाही दिली तर पहिल्या अपिलाला तीस. निकालाला तीस, फार तर पंचेचाळीस. झाले एकशे पाच. आयोगाकडे दुसरं अपील करायला नव्वद. झाले एकशे पंचाण्णव, आणि आयोगाच्या रांगेला तर काही मर्यादाच नाही. आयोगानं द्या म्हटलं तेव्हा देणारा खरं तेच सांगेल : साहेब, ती फाइल आता नाही.

लेक : म्हणून आधी वेगळं पत्र द्या. अमुक तारखेचे लॉग वादात आहेत, निकालापर्यंत नष्ट करू नका. आजच. माहितीचा अर्ज उद्या गेला तरी चालेल.

मामाजी : दोन अर्ज, दोन पोच. कोणाच्या नावानं?

इथं तिघंही अडलो. केंद्र एका संस्थेचं, ऑपरेटर रोजंदारीवरचा, पोर्टल वरच्या खात्याचं, चालवणारी कंपनी भलतीच, आणि मशीन आणखी कोणाच्या खोलीत. लेक एकेकाचं नाव घेऊन ‘त्यांच्याकडे असेल, नसेलही’ म्हणत होती. मामाजींनी तिला थांबवलं. ज्याच्या नावाची पाटी दिसते, त्यालाच द्यायचा. त्याच्याकडे नसेल तर कलम सहा-तीनप्रमाणे ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे त्यानं पाच दिवसांत पाठवायचा. शोधायचं काम अर्जदाराचं नव्हे.

लेकीनं मागच्या बाजूची बेरीज पुन्हा पाहिली.

लेक : मामाजी, मग तेही पाच दिवस त्या १८० मधूनच गेले.